हरकत नाही

पेंटरला इंग्रजी येत नव्हतं. पण इंग्रजी अक्षरं त्याच्यासारखी काढणारा त्या भागात दुसरा कोणी नव्हता. दवाखान्याची पाटी, शाळेचं फाटक, वकिलांच्या दारावरची काच, दुकानांची नावं, चाळीस वर्षं तो हेच करत आला होता. गिऱ्हाईक चिठ्ठीवर जे लिहून देईल ते तो फळीवर उतरवायचा. एसचं पोट किती फुगवायचं आणि आरचा पाय किती पुढे टाकायचा हे त्याला सांगावं लागत नसे. शब्दाचा अर्थ मात्र गिऱ्हाइकापाशी राहायचा. एका दातांच्या डॉक्टरच्या पाटीत एकदा एक अक्षर कमी पडलं आणि ती पाटी तीन वर्षं तशीच लटकत राहिली. चूक ध्यानात आल्यावर डॉक्टर तणतणत आला, तेव्हा पेंटर शांतपणे म्हणाला, “चिठ्ठीत होतं तसं केलं. अक्षर वाकडं असेल तर बोला.”

काही शब्द हाताखालून इतक्यांदा गेले होते की त्यांच्याशी ओळख झाली होती. ‘सेल’, ‘क्लोज्ड’, ‘एक्झिट’, ‘ग्राउंड’. आणि ‘कॉन्टेस्ट’. हा तर दरवर्षी यायचा. ड्रॉइंग कॉन्टेस्ट, सिंगिंग कॉन्टेस्ट, पिळदार दंडवाल्यांची कॉन्टेस्ट. शाळांचे नि क्लबांचे कापडी फलक तो गच्चीवर पसरून रंगवायचा. सात अक्षरं, त्यात दोन टी. हा शब्द डोळे मिटूनही काढता आला असता. हल्ली छापील फलक आले आणि ही कामं गेली. उरल्या गाड्यांच्या नंबरप्लेटा आणि घरांचे आकडे.

घरात तिघंच होती. पेंटर, त्याची बायको आणि नात. बायको जवळच्या एका हॉटेलाचे टेबलक्लॉथ घरी आणून इस्त्री करायची, त्यामुळे घराला एकीकडून टर्पेंटाइनचा आणि दुसरीकडून गरम कापडाचा वास असायचा. नात दहा वर्षांची. तीन वर्षांची असताना तिने आजोबांचा ब्रश पिवळ्या रंगात बुडवून एका ताज्या पाटीवर शंभरेक ठिपके काढले होते. पाटी दुसऱ्यांदा करावी लागली, आणि तिचं नाव ठिपकी पडलं. शाळेच्या हजेरीतलं नाव फक्त शाळेत वापरलं जाई.

ठिपकीची आई, म्हणजे पेंटरची एकुलती एक मुलगी, आठ वर्षांपूर्वी आजारात गेली. जावई तेव्हा पुलांच्या कामावर होता. चार महिने एका गावी, चार महिने दुसऱ्या. दोन वर्षांची पोर घेऊन तो कुठे फिरणार? मग ती आजीआजोबांकडेच राहिली. आधी थोडे दिवस म्हणून, मग तशीच. जावई वाईट नव्हता. दोन-तीन महिन्यांनी यायचा, पोरीला मांडीवर घेऊन बसायचा, आणि निघताना जिन्यात उगाचच थोडा वेळ उभा राहायचा. पुढे त्याला दुसऱ्या शहरात बसून करायची नोकरी मिळाली. दोन वर्षांपूर्वी त्याने लग्न केलं. नवी बायको एकदा त्याच्याबरोबर आली होती. कमी बोलणारी. आल्याआल्या ती पेंटरच्या बायकोबरोबर टेबलक्लॉथच्या घड्या घालायला बसली. तिच्यात खोट काढायची तर काय काढणार, असं आजी नंतर म्हणाली, आणि तेच तिला लागलं होतं.

त्या भेटीत जावयाने विषय काढला.

“बाबा, आता माझंही घर झालंय. ठिपकीला न्यावं म्हणतो.”

“बघू की,” पेंटर म्हणाला. “आता शाळेचं वर्ष मध्यावर आहे.”

पुढच्या भेटीत तिची परीक्षा होती. त्याच्या पुढच्या भेटीत तिला खोकला होता. ‘बघू’ या एका शब्दावर पेंटरने सव्वा वर्ष काढलं. जावई कधी आवाज चढवत नसे. फक्त एकदा म्हणाला, “बाबा, ती मला आता पाहुण्यासारखी चहा विचारते.” पेंटरने ऐकलं न ऐकलंसं केलं आणि ब्रश धुवायला उठला.

मग एका सकाळी जावयाचा फोन आला. “बाबा, कोर्टातून एक कागद येईल. दचकू नका. मला भांडायचं नाही, पण हे असं किती दिवस चालणार? तुम्हाला काय वाटतं ते त्यात लिहायला जागा असते. मोकळेपणाने लिहा.”

कागद चौथ्या दिवशी आला. पेंटर दारात बसून एक नंबरप्लेट संपवत होता. त्याने हात पुसून सही केली, पाकीट फोडलं आणि चार पानं मांडीवर पसरली. ठिपकी शाळेत होती. बायको इस्त्री उभी करून येऊन बसली.

“काय म्हणतात?”

“इंग्रजीत म्हणतात.”

“खालच्या औषधवाल्याला दाखवा की. शिकलेला आहे.”

“जावयाने आपल्यावर कागद आणलाय हे औषधवाल्याला सांगू? उद्या गोळ्यांबरोबर सगळ्या गल्लीला वाटेल तो.”

“मग वकील बघा.”

“वकील केला की भांडण झालं. तो भांडायचं नाही म्हणतोय, आणि आपण आधीच वकील घेऊन उभे?”

बायकोने ते मानलं. तिलाही भांडण नको होतं. पोरीच्या बापाशी भांडून पोर कोणाला गोड लागणार?

पेंटरने पानांवरून बोट फिरवलं. नावं ओळखू आली: त्याचं, जावयाचं, ठिपकीचं शाळेतलं. बाकी रांगाच्या रांगा, सगळ्या एकाच मापाच्या, जरा गिचमीड. शेवटच्या पानावर मात्र मोकळी जागा होती, आणि दोन चौकोन. एकापुढे ‘येस’, एकापुढे ‘नो’. वर एक ओळ. त्या ओळीत त्याला आपला शब्द दिसला. सात अक्षरं, दोन टी. आणि चौकोनांच्या खाली ‘ग्राउंड्स’.

“कॉन्टेस्ट आहे,” तो म्हणाला. “आणि खाली मैदान विचारलंय.”

“कसलं मैदान?”

“तेच कळेना.”

तो दिवसभर त्याचाच विचार करत राहिला. ठिपकीला कागद दाखवायचा प्रश्नच नव्हता. तिचं नाव त्यात दोनदा होतं. पण ती इंग्रजीत वर्गात पहिली यायची, आणि घरात दुसरं कोणी विचारण्याजोगं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ती ओळ कार्डबोर्डाच्या एका तुकड्यावर उतरवून घेतली. अर्जाबद्दल असतील असं वाटणारे शेवटचे शब्द तेवढे गाळले. ठिपकी बुटाची नाडी बांधत होती.

“ठिपके, हे वाच बरं.”

तिने मान वर न करताच वाचलं. “डू यू विश टू कॉन्टेस्ट.”

“म्हणजे काय?”

“तुम्हाला स्पर्धेत भाग घ्यायचा आहे का.”

“नक्की?”

“कॉन्टेस्ट म्हणजे स्पर्धा, आजोबा. आमच्या शाळेचा फलक तुम्हीच तर केला होता.” नाडीची गाठ मारून ती उठली. “पाट्यांची स्पर्धा आहे का? नाव द्या ना. तुम्हीच जिंकाल.”

“या वयात कसली स्पर्धा,” पेंटर म्हणाला, आणि तिचं दप्तर तिच्या खांद्यावर चढवलं.

ती गेल्यावर तो बराच वेळ त्या चौकोनांकडे बघत बसला. हळूहळू त्याच्या मनात अर्थ जुळत गेला. कोर्ट विचारत होतं, तुम्हाला जावयाशी स्पर्धा करायची आहे का? कोणाचं घर मोठं, कोणाची नोकरी पक्की, पोरीला कोणाचा लळा जास्त, असं मैदान मारायचं आहे का? प्रश्न जरा विचित्र होता, पण कोर्टाचं बोलणं विचित्रच असतं असं त्याने ऐकलं होतं. आणि उत्तर त्याच्याजवळ तयार होतं. त्याला स्पर्धा करायची नव्हती. पोरीचा बाप तो बाप. त्याला फक्त ठिपकी इथे हवी होती, सुट्टीत तिकडे जावी. एवढं समजूतदार उत्तर दिलं तर साहेब म्हणतील, म्हातारा भांडखोर नाही, बोलावून घ्या त्याला, काय म्हणतो ते ऐकू.

“बरोबर वाटतं तुम्हाला?” बायकोने विचारलं.

“ठिपकीने सांगितलं. ती चुकेल?”

त्याने ‘नो’पुढच्या चौकोनात खूण केली. मग खाली नाव, पत्ता, धंदा. त्यासाठी त्याने बारीक निबचा टाक काढला, पट्टीने पेन्सिलीच्या फिकट रेषा आखल्या, अक्षरं भरली आणि रेषा खोडल्या. तासभर लागला. असा देखणा कागद त्या कोर्टात त्या वर्षी दुसरा आला नसेल. तो स्वतः जाऊन टपालात टाकून आला.

पाच आठवड्यांनी निकाल आला. या वेळी दोनच पानं होती आणि दुसऱ्या पानावर एक तारीख ठळक छापलेली होती. पेंटरला पहिल्यांदा वाटलं, हीच ती बोलावल्याची तारीख. त्या दिवशी घालायचा शर्ट त्याने बायकोला इस्त्री करायला सांगितला. पण तारीख रविवारची होती, आणि रविवारी कोर्ट कसं असेल? म्हणून तो विचारायला गेला.

कोर्टाच्या तळमजल्यावर खिडकी होती. खिडकीतल्या कारकुनाने कागद उलटा करून पाहिला.

“बोलावलेलं नाही काका. हा हुकूम आहे. या तारखेपर्यंत मुलीला वडिलांकडे पोचवायचं.”

“पण माझं कुठे ऐकलं अजून?”

कारकुनाने मागच्या कपाटातून फाइल काढली आणि शेवटचं पान त्याच्यासमोर धरलं. पेंटरचंच अक्षर. कारकून ते पान जरा कौतुकानेच बघत होता.

“तुम्हीच दिलंय ना हे? मग ऐकायचं काय उरलं?” पेंटरचा चेहरा बघून त्याने आवाज खाली आणला. “वर दुसऱ्या मजल्यावर मदत कक्ष आहे. तिथे वकीलबाई बसतात. त्यांना भेटा.”

वकीलबाई तरुण होत्या. टेबलावर फायलींच्या दोन उतरंडी होत्या आणि त्यांच्यामधल्या फटीतून त्या बोलायच्या. त्यांनी दोन्ही कागद वाचले, मग पेंटरला खुर्ची पुढे ओढून बसायला सांगितलं.

“काका, ‘नो’वर खूण का केलीत?”

“मला स्पर्धा करायची नव्हती.”

बाईंना पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं, आणि त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“कॉन्टेस्ट म्हणजे स्पर्धा, ते खरं. पण इथे तसं नाही. इथे त्याचा अर्थ हरकत घेणं, विरोध करणं. ‘या अर्जाला तुमची हरकत आहे का?’ असा प्रश्न आहे. खाली मैदान नाही विचारलेलं, हरकतीची कारणं विचारली आहेत. तुम्ही ‘नाही’ म्हणालात. म्हणजे तुम्ही कोर्टाला लिहून दिलंत, ‘माझी हरकत नाही, मुलीला न्या.’”

पेंटरने कागदावरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं.

“बोलताना फरक कळतो,” बाई म्हणाल्या, बहुतेक त्याला बरं वाटावं म्हणून. “पहिल्या तुकड्यावर जोर दिला की स्पर्धा. शेवटच्या तुकड्यावर दिला की हरकत.” त्यांनी दोन्ही म्हणून दाखवले.

“आणि लिहिताना?”

“लिहिताना एकच.”

“अक्षरं तीच?”

“तीच.”

पेंटरने ते मान्य केल्यासारखी मान हलवली. चाळीस वर्षांत तो शब्द त्याने किती वेळा काढला होता. आणि तो असा दोन तोंडांचा असेल हे अक्षरांवरून कळायला काही वावच नव्हता.

“आता?”

“हुकूम फिरवून मागता येतो. गैरसमजुतीने उत्तर दिलं असं सांगायचं. पण नुसतं सांगून भागणार नाही.” बाईंनी फाइलमधलं पान परत बघितलं. “हे असलं अक्षर बघून कोण म्हणेल की तुम्हाला इंग्रजी येत नाही? तुम्ही कोणाला अर्थ विचारला होता का? कोणीतरी चुकीचा सांगितला असेल, तर त्या माणसाला उभं करा. तो म्हणेल, ‘हो, मी सांगितलं,’ तर आपल्या बोलण्याला वजन येईल.”

पेंटरने त्यांचं खाली ठेवलेलं पेन फायलीच्या कडेशी सरळ केलं.

“विचारलं होतं का कोणाला?”

“नाही,” तो म्हणाला.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती इस्त्रीच्या टेबलाला टेकून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “खोटं का सांगितलंत? ठिपकीला विचारलं होतं ना?”

“म्हणून तर.”

“दोन वाक्यं तर बोलायची तिला. एवढ्यावर ती राहणार असेल तर—”

“राहील कशावरून? नाही राहिली तर? दहा वर्षांच्या पोरीने कोर्टात उभं राहून सांगायचं, मी आजोबांना अर्थ सांगितला, म्हणून मला जावं लागतंय?” पेंटरचा आवाज चढला नव्हता, पण तो उभा राहिला होता. “ते ती जन्मभर घेऊन फिरेल. तिला हे कधी कळता कामा नये. तुझ्या तोंडूनही नाही.”

“आणि माझं काय?” बायको म्हणाली. “मी काय घेऊन फिरू?”

ती खाली बसली. दोन दिवस दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी बायकोने त्याच्या शर्टाला इस्त्री केली आणि खुंटीला लावून ठेवला. त्यावरून तिने मान्य केलं असं त्याने धरलं.

सुनावणी सकाळची होती आणि वीस मिनिटांत संपली. खोली साधीच होती, शाळेच्या वर्गासारखी. जावई दुसऱ्या बाजूच्या बाकावर होता. त्याने पेंटरला बघून उठल्यासारखं केलं आणि मग आपल्या वकिलाकडे बघून परत बसला. न्यायाधीश चष्मा कपाळावर ढकलून पान बघत होते. वकीलबाईंनी सांगायचं ते नेटकं सांगितलं: अर्जदार पाट्या रंगवतात, अक्षर येतं, भाषा येत नाही, शब्दाचा अर्थ वेगळा समजले. न्यायाधीशांनी पेंटरला पुढे बोलावलं. ते त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलले.

“हे तुम्ही लिहिलंय?”

“हो साहेब.”

“एकट्याने?”

“हो.”

“कोणाकडून वाचून घेतलं नाहीत? नातीच्या ताब्याचा कागद आहे, कळत नाहीये, तरी कोणालाही विचारलं नाहीत?”

पेंटरने बाकावर बसलेल्या बायकोकडे पाहिलं नाही. “नाही साहेब. मला वाटलं, मला कळलंय.”

न्यायाधीशांनी पान परत निरखलं. ते काही कठोर माणूस दिसत नव्हते. त्यांनी विचारलं, “वडिलांबद्दल तुमची काही तक्रार आहे? मारझोड, व्यसन, हयगय?”

“नाही.”

“त्यांच्या पत्नीबद्दल?”

“ती चांगली आहे साहेब.”

हेही खरंच होतं. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. न्यायाधीश म्हणाले की वडील योग्य आहेत, घर योग्य आहे, हरकत मुदतीत आली नाही आणि आताही हरकतीचं कारण कोणी सांगत नाही. हुकूम कायम. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आजीआजोबांनी चार तास भेटावं. मग त्यांनी पुढची फाइल घेतली.

बाहेर जावई जवळ आला. “बाबा, मला खरंच वाटलं तुम्ही मनापासून लिहिलंय. ते पान बघून मी रडलो होतो. घरी सांगितलं, बघा, बाबांचं मन किती मोठं आहे.”

“हो,” पेंटर म्हणाला.

“तुम्ही इतक्या महिन्यांत एकदा जरी सरळ नाही म्हणाला असतात तर...” जावयाने वाक्य सोडून दिलं. तो पुढे काय म्हणणार होता, ते बहुधा त्यालाही माहीत नव्हतं.

ठिपकीला सांगायचं काम आजीने केलं. पप्पांचं घर मोठं आहे, तिथे तुला वेगळी खोली आहे, शाळेत पोहण्याचा तलाव आहे. ठिपकीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “किती दिवस?” आजी म्हणाली, “आधी जाऊन तर बघ.” पेंटर तेव्हा गच्चीवर होता. तिथे काहीच काम नव्हतं.

नेण्याच्या दिवशी जावई गाडी घेऊन आला. पिशव्या चार झाल्या. ठिपकी रडली नाही. ती कामाला लागल्यासारखी पिशव्या मोजत होती. निघताना तिने आजीच्या कमरेला मिठी मारली आणि सोडलीच नाही, तेव्हा आजीनेच एकेक बोट सोडवलं. पेंटरने गाडीचं दार लावलं. ते नीट लागलं नाही, म्हणून उघडून पुन्हा लावलं. गाडी वळल्यावर तो घरात येऊन नंबरप्लेट घेऊन बसला आणि पाचाचा आकडा तीनदा पुसला.

भेटीचा पहिला ‘दुसरा रविवार’ तीन आठवड्यांनी आला. दोघं सकाळची बस धरून गेली. जावयाचं घर चौथ्या मजल्यावर होतं, स्वच्छ, उजेडाचं. जावयाची बायको चहा ठेवून दुसऱ्या खोलीत गेली. चार तास तुमचे आहेत, म्हणाली. ठिपकीने आपली खोली दाखवली, कपाट दाखवलं, पोहायची टोपी घालून दाखवली. आजीने तिची वेणी सोडून पुन्हा घातली. ती घालायला इथे कोणाला येत नाही असं नव्हतं. वेणी ठीकच होती.

वेणी झाल्यावर ठिपकी आजोबांजवळ येऊन बसली. थोडा वेळ ती त्याच्या नखांच्या कडेला राहिलेला रंग खरवडत होती.

“आजोबा, पप्पा म्हणाले, कोर्टाने तुम्हाला विचारलं होतं.”

“हो.”

“मला न्यायचं का असं?”

“हो.”

“आणि तुम्ही हरकत नाही म्हणालात.”

आजी उठली. तिने चहाचे कप उचलले, ते रिकामे नव्हते, आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन तिथेच उभी राहिली, पाठ करून.

पेंटरच्या मनात दहा उत्तरं येऊन गेली. मला प्रश्नच कळला नाही, हे सर्वांत सोपं आणि खरं. पण त्यावर ती विचारेल, कुठला प्रश्न? कुठला शब्द? ती हुशार होती. तिला कार्डबोर्डाचा तुकडा आठवायला दोन क्षण पुरे झाले असते.

“म्हणालो,” तो म्हणाला.

“का?”

“तुझे पप्पा आहेत ते. त्यांना वाईट वाटलं असतं.”

ठिपकीने यावर विचार केला. “मला वाईट वाटेल असं नाही वाटलं तुम्हाला?”

“वाटलं.”

“मग?”

“चुकलं माझं, ठिपके.”

तिने त्याचं बोट सोडलं. रागावली नाही. रागावली असती तर त्याला काही करता आलं असतं. समजूत घालता आली असती, उचलून घेता आलं असतं. ती फक्त ‘बरं’ म्हणाली, मोठी माणसं म्हणतात तसं, आणि पोहायची टोपी काढून व्यवस्थित घडी करून कपाटात ठेवली.

मग तिघं पत्ते खेळली. जावयाची बायको मधे एकदा फळं कापून ठेवून गेली. ठिपकी दोन डाव जिंकली, एक हरली. चार वाजता जावई दारात आला आणि म्हणाला, सावकाश निघा, घाई नाही. पण चार वाजले होते, म्हणून दोघं निघाली. ठिपकी जिन्यापर्यंत आली. तिने आजीला पापा दिला आणि मग, किंचित थांबून, आजोबांना.

बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली नाही. आजी पुढच्या बाकावर बसली. अर्धा रस्ता गेल्यावर तिच्या शेजारचा माणूस उतरला, तेव्हा पेंटर उठून तिच्याजवळ जाऊन बसला.

“तिला वाटतंय आपण तिला देऊन टाकलं,” बायको म्हणाली.

“वाटू दे.”

“आपल्याला आवडत नव्हती असं वाटून मोठी होईल ती.”

“तिच्यामुळे झालं असं वाटून मोठी होण्यापेक्षा बरं.”

“तुम्ही ठरवलंत. मी नाही.” ती खिडकीकडे वळली. थोड्या वेळाने तिने न वळताच हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला, आणि तो तिथेच राहू दिला.

पेंटरने खिशातून छोटं कॅलेंडर काढलं. पुढचा दुसरा रविवार किती दिवसांनी येतो ते मोजलं. कधी चार आठवड्यांनी येतो, कधी पाच. या वेळी पाच होते. त्याने पुन्हा मोजून पाहिलं. पाचच होते.